पोस्टवरून पोलीस स्टेशनचा फोन आला तर काय करायचं? पहिल्या कॉलपासून हायकोर्टापर्यंत, पायरी पायरीने

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले तेव्हा मुंबई बंद का ठेवायची असं फेसबुकवर विचारणारी पालघरची एक मुलगी आणि ती पोस्ट नुसती लाईक करणारी तिची मैत्रीण, दोघींना अटक झाली. सरकार काँग्रेस-राष्ट्रवादीचं. मे २०२२ मध्ये शरद पवारांवरची म्हणून समजली गेलेली एक कविता शेअर केली म्हणून अभिनेत्री केतकी चितळे महिनाभराहून जास्त आत होती, तेव्हा महाविकास आघाडी होती. मे २०२५ मध्ये पुण्यात इंजिनिअरिंगच्या १९ वर्षांच्या विद्यार्थिनीने ऑपरेशन सिंदूरवरची पोस्ट शेअर केली, थोड्याच वेळात डिलीट करून माफीही मागितली, तरी कॉलेजने काढलं आणि पोलिसांनी उचललं, शेवटी हायकोर्टाने सरकारला झापून तिला सोडायला लावलं. तेव्हा महायुती. म्हणजे हे अमक्या पक्षाचं सरकार आलं म्हणून होतंय असं ज्यांना वाटतं त्यांनी ही यादी परत वाचा, खुर्चीवरचे बदलले तरी सवय तीच आहे.

आता मुद्द्याचं. या सगळ्यात सामान्य माणूस फसतो तो बहुतेक वेळा कोर्टात नाही, त्याच्या आधी फसतो, कारण सगळं तोंडी चाललेलं असतं. "जरा येऊन जा", "मोबाईल घेऊन या", "साहेबांना भेटा, समज देऊन सोडतील". तोंडी बोलावण्याला ना कलम लागतं, ना तारीख, ना सही. म्हणून खालच्या प्रत्येक पायरीत एकच गोष्ट करायची आहे, आवाज न चढवता कागद मागायचा. कागदावर सही करायची वेळ आली की समोरच्यालाही आपण कुठल्या कलमाखाली बोलतोय हे बघावं लागतं आणि निम्मी प्रकरणं तिथेच थंड होतात असं माझं मत आहे.

एक सूचना आधीच, हा लेख वकिलाला पर्याय नाही, वकील मिळेपर्यंत गोंधळ होऊ नये म्हणून आहे. आणि १ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि सीआरपीसीच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आलीय, खाली पहिलीला बीएनएस आणि दुसरीला बीएनएसएस म्हटलंय, आणि कुठल्या कायद्याचं ते सांगितलं नसेल तिथे कलम बीएनएसएसचं धरा. जुने नंबर डोक्यात बसलेले असतात (पोलिसांच्याही), म्हणून गरज पडेल तिथे दोन्ही देतोय.

पायरी ० : फोन यायच्या आधीची तयारी

हे आज रात्री दहा मिनिटांत होतं. फोनला सहा आकडी किंवा त्याहून मोठा पासकोड लावा, १२३४५६ नको. बोट आणि चेहरा वापरत असाल तर तो पटकन बंद कसा करायचा ते शिकून ठेवा, आयफोनवर बाजूचं बटण आणि व्हॉल्यूमचं बटण एकत्र दाबून धरलं की पुढच्या वेळी पासकोडच मागतो, बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पॉवर मेनूत लॉकडाउन असा पर्याय असतो. व्हॉट्सॲपला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा आणि चॅट बॅकअप एन्क्रिप्टेड करा, कारण चॅट एन्क्रिप्टेड असले तरी गुगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवरचा बॅकअप तुम्ही ती सेटिंग चालू केल्याशिवाय तसा नसतो, आणि हे बहुतेकांना माहीतच नसतं. ज्या ग्रुपमध्ये शेकडो अनोळखी लोक आहेत तिथे डिसअपिअरिंग मेसेज चालू ठेवा.

दोन-तीन नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवा, घरच्या एकाचा आणि एका वकिलाचा. फोनच जप्त झाला तर पाठ किती नंबर आहेत तुम्हाला? वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा टोल फ्री नंबर १५१०० आहे, महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेला कोणीही, यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

पायरी १ : कॉल आला

पहिलं काम, तो खरंच पोलीस आहे का ते बघा. डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकार भारतीय कायद्यात नाही, व्हिडिओ कॉलवर खाकी घातलेला माणूस पैसे मागत असेल तर कॉल कट करून १९३० ला कळवा. खरा असेल तर नाव, हुद्दा, बक्कल नंबर, पोलीस स्टेशन, आणि कशाबाबत हे विचारून घ्या, मग ठेवा आणि त्या पोलीस स्टेशनच्या लँडलाइनवर स्वतः फोन करून या नावाचे कोणी आहेत का ते विचारा.

खरे पोलीस निघाले तर म्हणायचं, "साहेब, मी येतो, सहकार्य करतो, फक्त नोटीस द्या." एवढंच. फोनवर "हो मीच टाकली पोस्ट पण माझा तसा हेतू नव्हता" वगैरे खुलासे करत बसू नका, ते आपल्याला सफाई वाटते आणि समोर त्याचा जबाब होतो. लगेच त्याच दिवशी एक अर्ज टाका, साधारण असा:

"मा. वरिष्ठ पोलीस निरीक्षक, अमुक पोलीस स्टेशन. विषय: दूरध्वनीवरून चौकशीस बोलावल्याबाबत. महोदय, दिनांक … रोजी … वाजता आपल्या पोलीस स्टेशनमधून … यांनी मला दूरध्वनी करून हजर राहण्यास सांगितले. मी सहकार्य करण्यास तयार आहे. तरी मला कोणत्या गुन्ह्यात अथवा तक्रार अर्जावरून, कोणत्या कलमाखाली व साक्षीदार की संशयित म्हणून बोलावले आहे, हे लेखी कळवून रीतसर नोटीस द्यावी, ही विनंती."

हातोहात दिला तर दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. घेत नसतील तर पोलीस स्टेशनच्या आणि एसपी किंवा डीसीपींच्या ईमेलवर, शिवाय स्पीड पोस्टने. पोच हातात आली की तुम्ही पळताय असं कोणी म्हणू शकत नाही, हा त्याचा खरा फायदा.

आणि हो, पोस्ट डिलीट करू का हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. काही होण्याआधी स्वतःची पोस्ट काढून टाकणं हा तुमचा प्रश्न आहे. पण चौकशी सुरू झाल्याचं कळल्यावर चॅट उडवणं, फोन रिसेट मारणं हे करू नका, पुरावा म्हणून मागितला जाऊ शकेल असा इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड नष्ट करणं हा बीएनएस कलम २४१ खाली वेगळा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. मूळ पोस्टमध्ये काही दम नसताना माणूस यात अडकतो. उलट पोस्टचा, कमेंटचा, तारीख-वेळ आणि पूर्ण लिंक दिसेल असा स्क्रीनशॉट काढून घरच्यांना पाठवून ठेवा, नंतर अर्धवट कापलेला स्क्रीनशॉट फिरतो तेव्हा मूळ काय होतं ते दाखवायला लागतो.

पायरी २ : नोटीस हातात आली, आता ती वाचायची कशी

घाबरून सही करण्याआधी वरचा कलम नंबर बघा, कारण नंबरावर सगळं बदलतं.

कलम १६८, जुनी १४९ ची नोटीस. कार्यकर्त्यांना ही माहीत असते, मंत्री येणार असले, निवडणूक किंवा गणपती-जयंतीचे दिवस असले की ग्रुप ॲडमिनना वाटल्यासारखी वाटतात. ही प्रतिबंधात्मक नोटीस आहे, तुमच्यावर गुन्हा दाखल झालाय असा तिचा अर्थ नाही. घ्या, तारखेसकट सही करा, खाली "मजकूर मान्य नाही, फक्त प्रत मिळाली" असं लिहायला हरकत नाही. ॲडमिनबद्दल एक सांगतो, ग्रुपमध्ये दुसऱ्याने काही टाकलं म्हणून ॲडमिन आपोआप गुन्हेगार होत नाही, त्याचा समान हेतू होता हे दाखवावं लागतं, असं नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये स्पष्ट केलंय. नोटिशीत "ॲडमिनवर कारवाई होईल" असं ठळक छापलेलं असलं तरी.

कलम १७९, जुनं १६०, म्हणजे साक्षीदार म्हणून बोलावणं. हे लेखीच असावं लागतं आणि तुम्ही त्या किंवा शेजारच्या पोलीस स्टेशनच्या हद्दीत राहत असायला हवं. महिला, १५ वर्षांखालचे आणि ६० वर्षांवरचे पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी माणसं यांना या कलमाखाली राहत्या घराव्यतिरिक्त कुठेही हजर राहायची सक्ती करता येत नाही. आई-बहिणीला रात्री नऊला "फक्त दहा मिनिटं" म्हणून स्टेशनला बोलावत असतील तर हे कलम सांगा.

कलम ३५(३), जुनं ४१-अ. इथे मात्र गांभीर्याने घ्यायचं, कारण तुम्ही संशयित आहात. चांगली बाजू अशी की ही नोटीस पाळलीत, तर लेखी कारण नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. वाईट बाजू, पाळली नाही तर अटकेला निमित्त तुम्हीच दिलं. ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय, तरी व्हॉट्सॲपवर आली म्हणून गप्प बसू नका, उत्तर द्या की प्रत्यक्ष बजावा, मी हजर राहतो. तारीख जमत नसेल तर पुढची मागा, लेखी.

कलम ९४, जुनं ९१, म्हणजे अमुक कागद किंवा वस्तू हजर करा. यात आता मोबाईल-लॅपटॉपसारखी उपकरणं स्पष्टपणे आलीत. नेमकं काय मागितलंय ते बघा, एका पोस्टबद्दलची माहिती मागितली असेल तर अख्खा फोन आपणहून टेबलावर ठेवायची घाई करू नका.

एफआयआर झालाय का हे कसं कळणार? महाराष्ट्र पोलिसांच्या वेबसाइटवर प्रसिद्ध एफआयआर शोधता येतात, सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशानुसार संवेदनशील गुन्हे सोडून बाकीचे साधारण २४ तासांत अपलोड व्हायला हवेत.

पायरी ३ : कलम कोणतं लावलंय आणि ते टिकतं का

हा भाग वाचायला कंटाळवाणा पण इथेच खरी मजा आहे. पोस्टवर नेहमी लावली जाणारी बीएनएसची कलमं ठरलेली असतात: १९६ (गटांत शत्रुत्व, जुनं १५३-अ), २९९ (धार्मिक भावना, जुनं २९५-अ), ३५३ (अफवा वगैरे, जुनं ५०५), ३५६ (बदनामी) आणि फारच राग आला असेल तर १५२, देशाच्या सार्वभौमत्वाला धोका. बदनामी हा अदखलपात्र गुन्हा आहे, त्यात पोलिसांनी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेऊन तक्रारदाराला कोर्टाचा रस्ता दाखवायचा असतो, मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपासच करता येत नाही. नगरसेवकाची बदनामी झाली म्हणून फोन आला तर पहिला प्रश्न हाच, एनसी आहे की एफआयआर?

कोणी आयटी ॲक्टचं ६६-अ लावलं तर ते कलमच अस्तित्वात नाही. पालघरच्या त्याच प्रकरणानंतर श्रेया सिंघल नावाची कायद्याची विद्यार्थिनी सुप्रीम कोर्टात गेली आणि २४ मार्च २०१५ ला ते घटनाबाह्य ठरलं. गंमत म्हणजे त्यानंतरही देशभर ते लावत राहिले, इतकं की ऑक्टोबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाला परत सांगावं लागलं की यावर खटले चालवू नका.

बाकीच्या कलमांसाठी दोन निकाल वकिलाला आवर्जून दाखवा. एक कोल्हापूर जिल्ह्यातलाच, हातकणंगले पोलीस स्टेशनचा. तिथल्या एका प्राध्यापकाने ३७० रद्द केल्याच्या निषेधाचं आणि पाकिस्तानला १४ ऑगस्टच्या शुभेच्छांचं व्हॉट्सॲप स्टेटस ठेवलं, १५३-अ लागलं, हायकोर्टाने एफआयआर रद्द करायला नकार दिला, पण ७ मार्च २०२४ ला सुप्रीम कोर्टाने रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करणं आणि दुसऱ्या देशाच्या नागरिकांना शुभेच्छा देणं हा गुन्हा नाही, असं स्पष्ट. दुसरा २८ मार्च २०२५ चा, खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेचा, गुजरातमधला. त्यात कोर्ट म्हणालं की बोलण्या-लिहिण्याच्या अशा गुन्ह्यांत, जिथे शिक्षा तीन ते सात वर्षांच्या दरम्यान आहे, तिथे एफआयआरच्या आधी कलम १७३(३) खाली १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करावी, आणि शब्दांचा परिणाम मोजताना ठाम, धीट मनाचा माणूस धरायचा, कुठल्याही टीकेत धोका दिसणारा डळमळीत मनाचा नाही. ही कसोटी मूळची आपल्या नागपूरची बरं का, १९४० च्या दशकात नागपूर हायकोर्टाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी घालून दिलेली.

म्हणून अर्जात एक ओळ टाका: प्राथमिक चौकशी झाली का, झाली असल्यास कुणाच्या परवानगीने, तिचा निष्कर्ष काय. ही परवानगी डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याची लागते.

पायरी ४ : प्रत्यक्ष पोलीस स्टेशनमध्ये

एकटे जाऊ नका. कुणाला तरी बाहेर बसवा, आत गेल्याची वेळ त्याला मेसेज करा. चौकशीदरम्यान वकिलाला भेटायचा हक्क कलम ३८ मध्ये आहे, पूर्ण वेळ शेजारी बसायचा नाही, पण भेटायचा आहे. ज्या उत्तराने तुम्ही स्वतःच गुन्ह्यात अडकाल ते उत्तर देण्याची सक्ती नाही, शांतपणे "यावर वकिलांशी बोलून लेखी देतो" म्हणा. तपासात पोलिसांसमोर दिलेल्या जबाबावर सही घ्यायची नसते, कलम १८१ तसं सांगतं, तरी पुढे करतातच. माफीनामाही असाच पुढे येतो, "एवढं लिहून द्या, विषय संपला". विषय संपत नाही, तो कागद फाईलला लागतो. कोऱ्या कागदावर तर अजिबात सही नको.

पोलीस स्टेशन हे ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्टखालचं प्रतिबंधित ठिकाण नाही असं नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये म्हटलंय, म्हणजे तिथे रेकॉर्डिंग केल्याने हेरगिरी होत नाही. तरी उगाच मोबाईल तोंडासमोर धरून व्हिडिओ काढायला जाऊ नका, त्याने तापलेलं वातावरण अजून तापतं आणि फोन जातो तो जातोच. सीसीटीव्ही असतोच, सुप्रीम कोर्टाच्या डिसेंबर २०२० च्या निकालानुसार फुटेज किमान एक वर्ष ठेवायला हवं. काही वाईट घडलं तर त्याच आठवड्यात फुटेज जपून ठेवा असा लेखी अर्ज द्या.

पायरी ५ : "मोबाईल द्या"

नाक्यावर गाडी अडवून लायसन्स मागणं वेगळं आणि व्हॉट्सॲप उघडून दाखव म्हणणं वेगळं. रस्त्यात उभं करून सरसकट चॅट चाळायचा अधिकार कुठल्याही कलमात नाही, आणि पुट्टस्वामी प्रकरणात ऑगस्ट २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी प्रायव्हसी हा मूलभूत हक्क म्हटलेला आहे. शांतपणे विचारा, कोणत्या गुन्ह्यात? लेखी मिळेल का?

गुन्ह्याच्या तपासात मात्र पोलीस फोन जप्त करू शकतात, कलम १०६. अंगाशी झटापट करू नका, पण चार गोष्टी मागा. एक, जप्ती पंचनाम्याची प्रत, त्यात मेक, मॉडेल, आयएमईआय. दोन, झडती-जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग, कलम १०५ मुळे आता ते बंधनकारक आहे. तीन, फोन बंद करून तुमच्या आणि पंचांच्या समोर सीलबंद करणं. चार, हॅश व्हॅल्यू.

ही चौथी गोष्ट ९९ टक्के लोक मागत नाहीत. हॅश म्हणजे डेटावरून गणिताने काढलेला एक लांबलचक आकडा, आतलं एक अक्षर जरी बदललं तरी तो पूर्ण बदलतो, त्यामुळे जप्तीनंतर कुणी काही घातलं किंवा काढलं तर पकडता येतं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅशचा रकाना आहे. याची किंमत काय ते पुणे पोलिसांनी सुरू केलेल्या भीमा कोरेगाव प्रकरणात दिसलं, आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकन फॉरेन्सिक कंपनीने २०२१ मध्ये अहवाल दिला की त्यातले एक आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये मालवेअर वापरून बाहेरून फाईली घातल्या होत्या. तपास यंत्रणेला ते मान्य नाही, पण वाद उभा राहिला तो डेटाच्या खरेपणावरच. पोलीस स्टेशनमध्ये हॅश काढायची सोय नसेल तर तसं पंचनाम्यात लिहून घ्या, "हॅश घेतलेली नाही" एवढं वाक्यही नंतर कामाला येतं.

पासवर्ड द्यायलाच लागतो का? राज्यघटनेचं कलम २०(३) म्हणतं की आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, पण पासवर्ड त्यात बसतो का यावर वेगवेगळ्या कोर्टांनी वेगवेगळं म्हटलंय. त्यामुळे इथे हिरोगिरी पण नको आणि लोटांगण पण नको, "वकिलांशी बोलून सांगतो, कोर्टाचा आदेश असेल तर पाळेन" हे उत्तर सगळ्यात सेफ. बोट किंवा चेहरा असेल तर हा प्रश्नच येत नाही, बोट धरून लावलं की उघडला, म्हणून ती पायरी ० वाली सेटिंग.

फोन परत मिळवायला मॅजिस्ट्रेटकडे कलम ४९७ किंवा ५०३ खाली अर्ज करायचा, मुद्देमाल बॉण्डवर परत मिळतो. अर्जात लिहा की डेटाची कॉपी काढून झाली असेल तर मूळ फोन अडकवून ठेवायचं कारण नाही. सिम मात्र दुसऱ्याच दिवशी नवीन काढा, नाहीतर बँकेचे ओटीपी बंद.

पायरी ६ : अटक

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक ही सवय म्हणून करायची नाही, सुप्रीम कोर्टाचा अर्नेश कुमार निकाल, २०१४. तरी झालीच तर अटकेची कारणं लेखी मिळाली पाहिजेत, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ती प्रत्येक गुन्ह्यात, माणसाला कळेल अशा भाषेत द्यायची, अगदी उशीर झाला तरी रिमांडला उभं करण्याच्या दोन तास आधी. तर मराठीत मागा. घरच्यांना कळवणं, २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर नेणं, हे जुनंच आहे. महिलांना सूर्यास्तानंतर अटक नाही, अपवाद असेल तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी. कुणकुण लागली असेल तर कलम ४८२ खाली अटकपूर्व जामीन, त्यात दोन दिवस फुकट घालवू नका.

पायरी ७ : पोलीस आलेच नाहीत, पोस्टच गायब झाली

हल्ली हे जास्त होतं. "कायदेशीर विनंतीवरून तुमचा मजकूर भारतात दिसणार नाही" असा मेसेज येतो आणि पुढे भिंत. आयटी ॲक्टच्या ६९-अ खाली केंद्र ब्लॉक करू शकतं, त्याच्या २००९ च्या नियमांत गुप्ततेचा नियम १६ आहे, तो पुढे करून आदेशाची प्रत देत नाहीत. दुसरा रस्ता त्याच ॲक्टच्या ७९(३)(ब) चा, म्हणजे सरकारने कळवल्यावर प्लॅटफॉर्मने मजकूर हटवायचा, त्यासाठी गृहखात्याचं सहयोग पोर्टल आहे, त्याला एक्स (जुनं ट्विटर) कंपनीने आव्हान दिलं पण कर्नाटक हायकोर्टाने सप्टेंबर २०२५ मध्ये याचिका फेटाळली. मात्र नोव्हेंबर २०२५ पासून नियम बदललेत, या दुसऱ्या रस्त्याने हटवायला सांगायचं तर सहसचिव दर्जाचा आणि पोलिसांकडून असेल तर डीआयजी दर्जाचा खास नेमलेला अधिकारी लागतो, आणि कारण द्यावं लागतं. पीआय साहेबांचा ईमेल पुरत नाही.

करायचं काय, तर आधी प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा, कोणत्या विभागाने, कोणत्या कलमाखाली, कोणत्या तारखेला सांगितलं. नियमातल्या मुदतीत निकाली काढणं अपेक्षित आहे (फेब्रुवारी २०२६ पर्यंत १५ दिवस होती, त्यानंतर ७ दिवस). नाही पटलं तर ३० दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील. सरकारनेच नेमलेली समिती आहे, फार आशा ठेवू नका, पण हायकोर्टात "आधी सगळे पर्याय वापरले" हे दाखवायला लागते. आणि हायकोर्ट निरुपयोगी आहे असं समजू नका, सरकारविषयीची बातमी खरी की खोटी हे सरकारचंच युनिट ठरवणार होतं तो नियम कुणाल कामरा वगैरेंच्या याचिकेवर मुंबई हायकोर्टानेच सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला.

पायरी ८ : नंतरची कागदपत्रं

माहिती अधिकाराचा अर्ज टाका, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द एवढी मर्यादा आहे, फी १० रुपये. मागायचं काय: माझ्याविरुद्धच्या तक्रार अर्जाची प्रत, त्यावरची आवक-जावक नोंद, अमुक तारखेची स्टेशन डायरीतली नोंद. तपास चालू आहे म्हणून नाकारतील, तरी नाकारल्याचा कागद मिळतो.

एफआयआर रद्द करायचा तर हायकोर्टात कलम ५२८ आणि घटनेच्या २२६ खाली. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, त्यामुळे सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गवाल्यांची मुंबईची फेरी वाचली. पोलिसांनी स्वतःच प्रकरण बंद केलं तर ए, बी की सी समरी (तपास बंद करण्याचा अहवाल) पाठवली ते विचारा. ए म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही. बी म्हणजे तक्रारच खोटी, ती मिळाली तर उत्तम, सी म्हणजे गैरसमजातून वगैरे. समरी पोलिसांनी पाठवली म्हणजे झालं असं नसतं, मॅजिस्ट्रेटने ती मंजूर केल्याचा आदेश लागतो. त्या आदेशाची सर्टिफाइड कॉपी त्याच महिन्यात काढून ठेवा, कारण पासपोर्टच्या किंवा नोकरीच्या पोलीस व्हेरिफिकेशनला तीन वर्षांनीसुद्धा कॉम्प्युटरवर तुमच्या नावापुढे तो गुन्हा दिसू शकतो, आणि तेव्हा समोरचा हवालदार विचारणार की बंद झाला म्हणता, कागद कुठाय.